हा रकाना इथे कशाला?

मी आयात-निर्यातीची कागदपत्रं करते. मालाला माझा हात लागत नाही, जहाज तर दिसतच नाही. समोर असतात इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (माल जहाजासाठी घेतल्याची पावती) आणि एक कंटेनर नंबर. बाहेरच्याला हे नुसतं इकडचं तिकडे उतरवण्याचं काम वाटतं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं तसं आहेही. म्हणून दर काही वर्षांनी कुणीतरी जाहीर करतं, की आता हे काम संपलं. टेलेक्स जाऊन फॅक्स आला तेव्हा हेच ऐकलं, सगळा डेटा थेट एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जायला लागला तेव्हाही ऐकलं, आता एआयच्या निमित्ताने ऐकतेय. काम संपलं नाही. टेबलं मात्र दर वेळी कमी झाली.

कोण टिकलं, कोण गेलं, याचा हिशोब मी अनेकदा मांडलाय. कोर्स किती केले याच्याशी त्याचा फार संबंध दिसत नाही. प्रमाणपत्रांची फाइल जाडजूड असलेलेही गेले. जे टिकले त्यातल्या बऱ्याच जणांना एक खोड होती: फॉर्म भरताना मध्येच थांबून ‘हा रकाना इथे कशाला?’ असं विचारायची.

कंटेनर नंबरच घ्या. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक सुटा आकडा. सुरुवातीला मी तोही इतरांसारखा उतरवून काढत असे. मग कळलं, की तो पहारेकरी आहे. प्रत्येक अक्षराला एक किंमत ठरलेली असते. ‘ए’ला १०, पण ‘बी’ला ११ नाही, १२. मग प्रत्येक चिन्हाची किंमत त्याच्या जागेप्रमाणे १, २, ४, ८ असं दुप्पट होत थेट ५१२ पर्यंत जाणाऱ्या संख्येने गुणायची, सगळ्याची बेरीज करायची आणि ११ ने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे तो चौकटीतला आकडा (बाकी १० आली तर शून्य). टाइप करताना शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की सहसा हिशोब जुळत नाही आणि चूक पकडली जाते. अक्षरांच्या किमतीत ११, २२, ३३ का वगळले, हे कळलं त्या दिवशी मी जेवणाची सुट्टी विसरले होते. ११ ने भागल्यावर त्यांची बाकी शून्य, म्हणजे त्या अक्षराने बेरजेत काहीच भर घातली नसती!

आता हे गणित सॉफ्टवेअर करतं. मला ते येतं याचा पगारात एक पैचा फायदा नाही. पण सिस्टीमने नंबर नाकारला की बाकीचे हेल्पडेस्कला मेल टाकून वाट बघतात आणि मी मूळ कागद काढून आकडे पुन्हा वाचते.

२०१६ मध्ये आमच्या कामात एक नवा रकाना आला. १ जुलैपासून, भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन जाहीर केल्याशिवाय तो जहाजावर चढणार नाही, असा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय नियम झाला. ऑफिसात वैताग पसरला: आणखी एक कागद, आणखी एक मेल. मी कारण शोधत मागे गेले तेव्हा ‘एमएससी नापोली’ हे जहाज सापडलं. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत वादळात त्याचा सांगाडा तडकला. नंतर चौकशीत डेकवरच्या सुमारे ६६० कंटेनरचं वजन करून पाहिलं, तर १३७ कंटेनरचं खरं वजन कागदावरच्या वजनापेक्षा ३ टनांहून अधिक फरकाचं निघालं. त्या कागदांवरचे आकडे माझ्यासारख्याच कुणीतरी टाइप केलेले असणार. त्यानंतर पॅकिंग लिस्टवर ‘अंदाजे’ असं लिहून आलं, की मी ते परत पाठवायला लागले. ग्राहक कुरकुरतात. कुरकुरू देत.

कुतूहलाने सगळं निभावतं, असं मात्र मला म्हणायचं नाही. ‘सतत शिकत राहा’ हा सल्ला देणारे बहुतेक जण शिकायला वेळ देत नाहीत. ते घरी, रात्री, स्वतःच्या खर्चाने करायचं असतं. काही बदल तर असे येतात, की त्यापुढे एकट्याच्या हुशारीचं काही चालत नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्या उद्योजकाचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल हातांनी चढवायला टनामागे ५.८६ डॉलर पडत, या पद्धतीने १६ सेंटही लागले नाहीत. या फरकापुढे पोतं कसं रचावं याचं आयुष्यभराचं कसब काय करणार? गोदी कामगारांत जिज्ञासू माणसं नव्हती थोडीच! अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोदी कामगारांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० मध्ये मालकांशी करार केला: यंत्रं येऊ द्या, पण कायमच्या कामगारांना काढायचं नाही आणि लवकर निवृत्त होणाऱ्यांना पैसे द्यायचे. जुळवून घेणं असंही असतं, चारचौघांनी मिळून टेबलावर बसून केलेलं. आमच्या ऑफिसात तसा करार कुणी केला नाही, आणि गेलेल्यांमध्ये दोघीतिघी माझ्याइतक्याच चौकस होत्या. त्यांची पाळी आधी आली, इतकंच.

सध्या गाजतंय ते एचएस कोडचं. जगातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूला कस्टम्ससाठी एक सहा आकडी कोड आहे. ही पद्धत १९८८ पासून लागू आहे, ५ हजारांहून जास्त गट आहेत, आणि साधारण दर पाच वर्षांनी त्यांची फेररचना होते. २०२२ च्या आवृत्तीत ड्रोनला पहिल्यांदा स्वतःची जागा मिळाली, स्मार्टफोनला वेगळा कोड मिळाला. या कोडयादीतलं ७७ वं प्रकरण तर मुद्दाम रिकामं ठेवलंय, पुढे लागलं तर असावं म्हणून. (मला हे फार आवडतं. एवढ्या रुक्ष दस्तऐवजात कुणीतरी पुढच्यांचा विचार केलाय.)

आमच्याकडे आलेलं नवं एआय टूल इनव्हॉइस वाचून कोड सुचवतं, आणि दहातल्या आठ-नऊ वेळा बरोबर सुचवतं. उरलेल्या वेळी खरी मजा असते, कारण वर्गीकरण म्हणजे यादीत नाव शोधणं नाही, तो वाद आहे. स्मार्टवॉच हे घड्याळ की संपर्काचं यंत्र? मनगटावर बांधतात, वेळ दाखवतं, तरी ते दळणवळणाच्या यंत्रांच्या, ८५१७ ने सुरू होणाऱ्या कोडमध्ये बसलं, घड्याळांच्या ९१ व्या प्रकरणात नाही. अनेक भागांच्या वस्तूत तिचं ‘मुख्य स्वरूप’ कशामुळे ठरतं, हे बघण्याचा लेखी नियम आहे, आणि तो लावायचा तर वस्तू कशाची बनलीय, कशासाठी वापरतात हे माहीत असावं लागतं. इनव्हॉइसवर असतं फक्त ‘पार्ट्स’.

पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. जुना कोड आणि नवा कोड यांचे जुळणी-तक्ते असतात, आणि जिथे एकाला एक जुळतो तिथे ते काम यंत्राने खुशाल करावं. एका जुन्या कोडचे तीन नवे झाले, की मात्र तक्ता गप्प बसतो. म्हणून मी आतापासूनच नेहमीच्या ग्राहकांची यादी करून त्यांना एकेक फोन लावतेय: तुमचा हा माल नेमका काय आहे? परवा एक जण आधी वैतागला, ‘एवढी वर्षं पाठवतोय, आता काय विचारता?’ म्हणाला. मग त्याने सील आणि गॅस्केट या गळती थांबवणाऱ्या दोन भागांतला फरक सांगायला घेतला. आतल्या धातूच्या कडीपर्यंत पोचलो तेव्हा त्याचा दुसरा फोन वाजला. उरलेलं सोमवारी सांगणार आहे.