बर्र गावातली सरळ रेषेतली घरे

आयर्लंडच्या ऑफली परगण्यातले बर्र हे छोटे गाव देशाच्या जवळपास मध्यावर वसलेले आहे. तिथे जाणारे बहुतेक लोक किल्ला आणि त्याच्या बागेतली प्रचंड दुर्बीण पाहतात आणि त्याच दिवशी परततात. मीही प्रथम त्याच हेतूने गेले होते. परंतु या गावाचा खरा वास्तुवारसा किल्ल्याच्या भिंतीबाहेर, तिकीट न काढता पाहता येणाऱ्या घरांच्या रांगांत आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

सन १६२० मध्ये सर लॉरेन्स पार्सन्स यांना ओ'कॅरल घराण्याच्या ताब्यातली ही जागा मिळाली आणि पुढे कित्येक वर्षे गावाचे नावच पार्सन्सटाउन असे पडले. पार्सन्सना सुरुवातीपासून गाव नीटनेटके असावे याची फार हौस होती. रस्त्यावर उकिरडा करणाऱ्याला त्यांनी चार पेन्स दंड लावला होता. त्यांच्या वंशजांचे वास्तव्य आजही किल्ल्यात आहे. गावातली बरीचशी जमीन एकाच घराण्याच्या हाती राहिल्यामुळे रस्ते आखताना एकाच मनाचा विचार झाला, आणि गावाची सुसंगती जपली जाण्याचे हे एक मोठे कारण असावे.

किल्ल्याविषयी थोडक्यातच सांगते. मूळ किल्ल्याचा दरवाजा-बुरूज आजच्या वास्तूच्या गाभ्यात सामावलेला आहे. कंगोरे आणि टोकदार कमानी यांचा गॉथिक साज मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चढवला गेला. दुष्काळाच्या काळात, १८४० च्या दशकात, लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून किल्ल्याभोवती तटबंदीसारखे बांधकाम काढण्यात आले. दुर्बीण मात्र मी वास्तुकलेतच मोजते. याच पार्सन्स घराण्यातल्या तिसऱ्या अर्ल ऑफ रॉस यांनी १८४५ मध्ये उभारलेल्या या दुर्बिणीचा आरसा ७२ इंच व्यासाचा होता आणि १९१७ पर्यंत त्याहून मोठी दुर्बीण जगात कुठेही नव्हती. तिची अजस्र नळी दोन समांतर दगडी भिंतींच्या मध्ये टांगलेली आहे, आणि त्या भिंतींनाही कंगोरे काढलेले आहेत. भिंती उत्तर-दक्षिण असल्यामुळे नळी बाजूंना फारशी वळत नाही, म्हणून तारा स्वतः समोर येईपर्यंत थांबावे लागे. याच यंत्रातून अर्लसाहेबांनी एका तेजोमेघाचा सर्पिल आकार प्रथम ओळखला.

किल्ल्याच्या फाटकातून बाहेर पडले की ऑक्समनटाउन मॉल हा झाडांच्या रांगांचा रस्ता लागतो. त्याच्या एका टोकाला फाटक आणि दुसऱ्या टोकाला सेंट ब्रेंडनचे चर्च आहे, त्यामुळे चालताना नजरेला सतत एक लक्ष्य राहते. घरांना कोरीवकाम जवळजवळ नाहीच. सौंदर्य आहे ते प्रमाणात: खालच्या मजल्यांच्या खिडक्या उंच, वरच्या मजल्यावरच्या किंचित आखूड, आणि सगळ्यांच्या कडा एका ओळीत. रांगेला घरमालकांच्या लहरीने कुठेही कुबड आलेले नाही. दारांवर अर्धवर्तुळाकार काचेची झरोक्यासारखी रचना असते आणि तिच्यातून आतल्या अंधाऱ्या ओटीवर उजेड पडतो. प्रत्येक दारावर सळ्यांची नक्षी वेगळी. एके ठिकाणी पाकळ्या, शेजारी जाळी. एवढीच काय ती मालकाची मुभा.

वरखाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडक्या जवळून पाहाव्यात. चौकटीच्या पोकळीत दोरीला वजने बांधलेली असतात, त्यामुळे जड तावदान एका बोटाने वर जाते. जुनी काच पूर्ण सपाट नसते, आणि म्हणूनच समोरच्या झाडांचे प्रतिबिंब तिच्यात किंचित हलते. आयर्लंडमधल्या अनेक गावांत या खिडक्या काढून प्लॅस्टिकच्या बसवल्या गेल्या. त्या जाड चौकटींनी घराचा चेहरामोहरा बदलतो. एका घराने असे केले तर फारसे कळत नाही, पण तिसऱ्या घरापाशी रांग मोडते. दुसरे नुकसान गिलाव्याचे. खडबडीत दगडाच्या भिंती मुळात चुन्याने लिंपण्यासाठीच बांधलेल्या होत्या. दगड उघडा दिसला तर घर जुने वाटेल या भाबड्या समजुतीने गिलावा खरवडला जातो आणि पाऊस थेट सांध्यांत शिरतो. वर सिमेंटचा थर दिला तर ओल आत कोंडते, हे तर त्याहून वाईट.

एमेट स्क्वेअर या चौकातला दगडी स्तंभ १७४७ चा आहे. स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईतला विजेता, ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ कंबरलँड याचा पुतळा त्यावर होता. तो १९१५ मध्ये उतरवण्यात आला, आणि चौकाला आता ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेला आयरिश बंडखोर रॉबर्ट एमेट याचे नाव आहे. स्तंभ मात्र तसाच, माथ्यावर कोणीही नसताना, उभा आहे. मला तो असाच आवडतो. त्यावर नवा कोणी बसवण्याची घाई गावाने केली नाही, हे शहाणपणाचेच झाले.

उपयोग बदलूनही वास्तू कशी टिकते, ते पाहायचे असेल तर गावातल्या मर्सी या कॅथलिक पंथाच्या जोगिणींच्या जुन्या मठात जावे. हा पंथ कॅथरिन मॅकॉली यांनी १८४० मध्ये इथे आणला आणि मठाच्या रचनेशी प्युजिन या गॉथिक शैलीच्या वास्तुकारांच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे. आता तिथे सार्वजनिक ग्रंथालय आहे. उंच, टोकदार कमानीखाली बसून वर्तमानपत्र वाचणारी माणसे हेच त्या वास्तूचे उत्तम जतन आहे, असे मी मानते.

कायद्याची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. आयर्लंडमध्ये प्रत्येक नियोजन प्राधिकरणाला संरक्षित वास्तूंची नोंद ठेवावी लागते, आणि ही सक्ती २००० पासून लागू आहे. एखादी वास्तू या नोंदीत आली की केवळ दर्शनी भागच नव्हे, तर जिने, छताची नक्षी आणि आवारसुद्धा संरक्षणाखाली येते. कोणत्या कामाला परवानगी लागेल आणि कोणत्या नाही, याचे लेखी उत्तर मालकाला स्थानिक कौन्सिलकडून, म्हणजे नियोजन प्राधिकरणाकडून, मागता येते. ही सोय वापरावी, कारण खिडकीची दोरी बदलणे आणि खिडकी बदलणे यांतला फरक कागदावर आधीच ठरलेला बरा.