खळीच्या थराखालची तुतारी

कागदाच्या संवर्धनाचे काम मी पुण्यात गेली अठरा वर्षे करते. माझ्याकडे पोथ्या येतात, वतनाचे कागद येतात, नकाशे येतात, परंतु चित्रपटाची जुनी पोस्टरे आली की माझे मन जरा अधिक हळवे होते, कारण पोथी लिहिणाऱ्याने ती टिकावी म्हणून लिहिलेली असते आणि पोस्टर मात्र आठवडाभर भिंतीवर टिकले तरी पुरे, एवढ्याच हिशेबाने छापलेले असते. त्याचा कागद स्वस्त, लाकडाच्या लगद्याचा असतो. त्या लगद्यातील लिग्निन, म्हणजे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक, काढून टाकलेले नसल्यामुळे कागद प्रकाशाने पिवळा पडतो, आतल्या आत आम्ल तयार होते आणि पन्नास-साठ वर्षांनी घडीची रेघ नुसती उलगडताना तुटते. असे असूनही जे पोस्टर माझ्या टेबलापर्यंत येऊन पोहोचते, ते कोणाच्या तरी मायेमुळेच पोहोचलेले असते.

गेल्या श्रावणात सातारा जिल्ह्यातून एक निवृत्त शिक्षक पत्र्याची ट्रंक घेऊन आले. त्यांच्या वडिलांचा जत्रेत फिरणारा तंबूतला सिनेमा होता. ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या वासात गुंडाळलेली चार पोस्टरे होती. त्यांपैकी एक पूर्वी एका दुकानात दुरुस्तीसाठी दिलेले होते. तिथे नायिकेचा फाटलेला गाल पोस्टर कलरने रंगवून टाकला होता आणि त्यावर गरम यंत्राने प्लास्टिकचे लॅमिनेशन केले होते. ते हातात घेऊन मी बराच वेळ काही बोलले नाही. लॅमिनेशनचा चिकट थर उष्णतेने कागदाच्या तंतूंत उतरतो आणि तो सोडवायला गेले तर शाईच सुटून येते. काचेखाली राहिलेला फाटका कागद वाचवता येतो, पण असा ‘नवा’ केलेला कागद वाचवणे फार अवघड असते, हे मी गुरुजींना समजावून सांगितले. “ताई, आम्हांला वाटलं, चकाकतंय म्हणजे चांगलं झालं,” एवढेच ते म्हणाले. त्यांचा दोष काहीच नव्हता.

त्यांना खरे तर दुसरेच पोस्टर दुरुस्त करून हवे होते. तीस बाय चाळीस इंचांच्या नेहमीच्या आकाराचे ते एका तमाशापटाचे पोस्टर होते. १९५९ साली ‘सांगत्ये ऐका’ला मिळालेल्या यशानंतर तमाशापटांची जी लाट आली, त्या लाटेतले. चित्रपट फारसा गाजलेला नव्हता आणि बाजाराच्या दृष्टीने पोस्टरही फार मोलाचे नव्हते. परंतु खालच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा रबरी शिक्का होता, त्यात वडिलांच्या तंबूचे नाव होते आणि शिक्क्याशेजारी वडिलांच्याच हाताने पेन्सिलीने ‘दोन खेळ’ असे लिहिलेले होते. वडिलांच्या अक्षराची घरात राहिलेली ती एकमेव खूण होती. ते पोस्टर त्यांना गावच्या वाचनालयात लावायचे होते.

पोस्टर हातात घेताच ते जड लागले. मागच्या बाजूला लाकडाचे तंतू चिकटलेले होते, म्हणजे ते जाहिरातीच्या फळीवरून सोलून काढलेले होते. तंबूवाले एकाच फळीवर जुन्या पोस्टरावर नवे चिकटवत, त्यामुळे दोन-तीन थर एकत्र सुटून येणे नवलाचे नाही. पण उजव्या बाजूला, जिथे वाळवीने वरचा कागद खाल्ला होता, तिथे नखाएवढ्या जागेत खालचा मंद निळा रंग दिसत होता. मी भिंग लावले. वरच्या पोस्टरावर ऑफसेट छपाईचे ओळीने मांडलेले ठिपके होते. खालच्या निळ्यात ठिपक्यांची रांगच नव्हती. तिथे वाळू पसरावी तसा अनियमित, खरबरीत कण दिसत होता आणि त्याच्या कडेला पिवळा रंग केसभर सरकून निळ्यावर चढलेला होता.

हा कण म्हणजे लिथोची खूण. त्या पद्धतीत चित्रकार दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर चरबीयुक्त खडूने प्रत्येक रंगाचे चित्र स्वतंत्रपणे, आणि तेही उलटे, काढत असे. जितके रंग तितके दगड, आणि प्रत्येक रंगासाठी तोच कागद पुन्हा यंत्राखाली. दगडाच्या पोताचा ठसा छापात उतरतो आणि रंग थोडा सरकला की अशी कड दिसते. या कलेचा वारसा आपल्याकडे कोल्हापुरापर्यंत मागे जातो. बाबूराव पेंटर मूकपटांच्या काळात स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरे स्वतः काढत आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम या मंडळींनी १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी केली. जुने चित्रपट तर फारच थोडे उरले आहेत. आपल्याकडे सुमारे १,३०० मूकपट तयार झाले असे मानतात, त्यांतले मोजकेच आज पाहायला मिळतात, आणि २००३ साली पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या पट्टीवरील कितीतरी जुन्या फिल्म जळून गेल्या. त्यामुळे कित्येक चित्रपटांच्या बाबतीत कागदाचा एखादा तुकडा हाच काय तो पुरावा उरतो. हे सगळे डोक्यात असल्यामुळे त्या निळ्या नखाएवढ्या जागेवरून माझी नजर हलेना.

मी गुरुजींना फोन केला. खालचा थर वेगळा करायचा तर वरच्या पोस्टरालाही धोका होता, आणि वरच्या पोस्टरावर त्यांच्या वडिलांचे अक्षर होते. असा निर्णय मी एकटीने घेणे योग्य नव्हते. दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून ते आले आणि म्हणाले, “खालचं बाबांनीच चिकटवलेलं असणार. तेही त्यांचंच आहे. तुम्ही करा, मी इथं बसतो.”

तयारीला आधी तीन दिवस गेले होते. प्रत्येक रंगावर पाण्याचा थेंब ठेवून टीपकागद दाबून पाहिला होता. छपाईच्या शाया तेलाच्या, त्यामुळे त्या सुटत नव्हत्या, पण शिक्क्याची जांभळी शाई एका थेंबात फुटली. म्हणून शिक्क्यावर सायक्लोडोडेकेनचा थर दिला. हा मेणासारखा पदार्थ वितळवून लावतात, तो पाणी आत जाऊ देत नाही आणि काही दिवसांत स्वतःच हवेत उडून जातो, मागे काही उरत नाही. चिकटवायला वापरलेली खळ मैद्याची होती आणि तिच्यावर हिरवट झाक होती. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे. कीड त्याने काही काळ दूर राहते, पण मोरचुदातले तांबे कागदाचे तंतू झपाट्याने कमजोर करते, म्हणूनच हा कागद त्याच्या वयाच्या मानानेही फार ठिसूळ झाला होता.

सकाळी आठ वाजता आम्ही पोस्टर पालथे ठेवले. लाकडाचे तंतू चिमट्याने एकेक करून काढून झाल्यावर पाठीवर वाफ जाऊ देणारे पण पाणी न जाऊ देणारे पटल, त्यावर ओला टीपकागद, वर प्लास्टिक आणि काच, अशी रचना केली. खळ भिजून फुगते आणि सैल होते, पण ती हळूहळू भिजली पाहिजे. एकदम पाणी दिले तर दोन्ही कागद वेगवेगळ्या प्रमाणात पसरतात आणि सुरकुतून फाटतात. चाळीस मिनिटांनी काच उचलून कोपऱ्यात बांबूची पातळ पट्टी सरकवली. आधी काहीच हलले नाही. आणखी अर्ध्या तासाने पट्टी बोटभर आत गेली आणि ओल्या मैद्याचा आंबूस वास खोलीभर पसरला.

सुटत आलेला खालचा कागद आम्ही जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळत गेलो. माझी विद्यार्थिनी नळी धरून होती, मी पट्टी चालवत होते. नळीवर चढणाऱ्या कागदाची छापील बाजू वर येत होती, म्हणजे इतकी वर्षे अंधारात दबून राहिलेले चित्र इंच-इंच करून आमच्यासमोर उलटे उघडत होते. सर्वांत आधी तळाची पांढरी किनार आली. तिच्यावर एका ओळीची शेवटची अक्षरे शिल्लक होती: ‘…त फिल्म कंपनी, पुणें’. ‘पुणें’वर अनुस्वार होता. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी असे अनुस्वार गेले, त्याच्या आधीचे हे लेखन. मी गुरुजींना जवळ बोलावले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ती ओळ वाचली आणि ‘पुणें’ हा शब्द त्यांनी जुन्या शाळामास्तरासारखा किंचित नाकात उच्चारला.

त्या ओळीच्या वर, मंद निळ्यात, एक वळलेली रेघ येऊ लागली. आधी वाटले, फेट्याचा शेमला असेल. कागद आणखी दोन इंच सुटला तेव्हा रेघ रुंद होत गेली, तिला तोंड आले, आणि माझ्या आधी गुरुजीच म्हणाले, “तुतारी आहे.” प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी. मागोमाग ती धरणारा हात आला, मग तुतारी फुंकणाऱ्या त्या स्त्रीचा चेहरा. चित्रपटगृहात पडद्यावर ही आकृती कितीतरी जणांनी पाहिली आहे, परंतु आम्हांला ती ओल्या खळीतून, एका तळहाताएवढ्या जागेत, पिवळ्या रंगाची सरकलेली कड घेऊन भेटली. गुरुजी स्टुलावर बसले. प्रभातची पेटी आली की कनात एका बाजूने मोकळी करून बाहेर गोणपाट अंथरावे लागे, असे वडील सांगत, ते त्यांना आठवले. पेटी म्हणजे रिळांची पेटी. तंबूतला सिनेमा शहरापेक्षा बराच उशिरा येई, त्यामुळे प्रभातची जुनी पोस्टरे गावोगावच्या फळ्यांवर पुढे कितीतरी वर्षे लागत राहिली असणार.

इथे माझ्याकडून चूक झाली. ती आकृती पूर्ण दिसावी या घाईत मी पुढची जागा पुरती भिजण्याआधीच पट्टी सरकवली आणि रुपयाच्या नाण्याएवढा निळा पापुद्रा खालच्या कागदावरून सुटून वरच्या पोस्टराच्या पाठीला चिकटून राहिला. हातातली पट्टी मी खाली ठेवली आणि सगळे काम अर्धा तास थांबवले. नंतर त्या पापुद्र्यावर पातळ जपानी कागदाची चकती ठेवून, ब्रशने ओलावा देत, तो अखंड उचलता आला आणि संध्याकाळी मूळ जागी बसवता आला. भिंगाखाली त्याची कड आजही दिसते. ती माझ्या घाईची आहे आणि तशी नोंद मी करून ठेवली आहे.

दुपारी अडीच वाजता दोन्ही कागद वेगळे झाले. तुतारीच्या वर जिथे चित्रपटाचे नाव असायला हवे, तिथे वाळवीने नेलेली जवळजवळ फूटभराची पोकळी होती. एका बाजूला जरीच्या काठाचा भाग होता, दुसऱ्या बाजूला एका अक्षराचा नुसता काना. एवढ्यावरून नाव सांगता येणे शक्य नव्हते. पत्ता पुण्याचा असल्यामुळे पोस्टर १९३३ नंतरचे, म्हणजे कंपनी कोल्हापूर सोडून इथे आल्यानंतरचे होते, इतकेच खात्रीने म्हणता येत होते.

पुढचे काम ठरलेले होते. खालचा कागद चुन्याच्या अगदी सौम्य निवळीत तरंगवून धुतला. पिवळा-तपकिरी रंग पाण्यात उतरत गेला आणि कागदातले आम्ल कमी झाले. मग पाठीला जपानी कागदाचे अस्तर दिले. त्यासाठीची खळ आम्ही गव्हाच्या सत्त्वाची करतो. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजवून चीक काढतात, तोच पदार्थ. शिजवून, चाळणीतून दोनदा घासून घेतला की लोण्यासारखा होतो आणि शंभर वर्षांनीही पाण्याने सोडवता येतो. मोरचूद अर्थातच नाही. पावसाळी हवेमुळे टीपकागद बदलत-बदलत वाळवायला नऊ दिवस लागले.

या नऊ दिवसांत एक संग्राहक काम पाहायला आले. त्यांना पोस्टराची पारख उत्तम आहे आणि त्यांचे प्रेमही खरे आहे. त्यांनी सुचवले की प्रभातच्या जुन्या जाहिरातींवरून अंदाज बांधून ती पोकळी चित्राने आणि नावाने भरावी, म्हणजे किंमत कितीतरी पटींनी वाढेल. मी नकार दिला. दोन कागदांमधली बारीक भेग, घडीवर उडालेला रंग, एवढे मी जलरंगाने जुळवते, कारण तिथे काय होते ते दोन्ही बाजूंनी दिसत असते. फूटभर जागेत काय होते ते मला दिसत नव्हते. ते मी काढले असते तर उद्या कोणीतरी माझ्या हातचे नाव प्रभातच्या यादीत शोधत बसले असते. गुरुजींना विचारले, तेव्हा त्यांनी लॅमिनेशन केलेल्या त्या पोस्टराकडे एकदा पाहिले आणि मान हलवली. पोकळीत मूळ कागदाच्या रंगाशी मिळताजुळता, पण एक छटा फिका, साधा जपानी कागद बसवला.

वरच्या तमाशापटाच्या पोस्टराचा शिक्का जसाच्या तसा राहिला. सायक्लोडोडेकेन उडून गेल्यावर जांभळी शाई आणि ‘दोन खेळ’ ही अक्षरे पूर्वीइतकीच स्पष्ट होती. ते पोस्टर आता गावच्या वाचनालयात, उन्हाच्या विरुद्ध भिंतीवर, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागे आहे.

खालचे पोस्टर गुरुजींनी सध्या माझ्याकडेच ठेवले आहे. ते आम्लरहित पाकिटात सपाट ठेवलेले आहे आणि पाकिटावर नोंदीचा कागद आहे: आकार, छपाईची पद्धत, मिळाल्याचे ठिकाण, केलेले उपचार, निळ्या पापुद्र्याची जागा. चित्रपटाचे नाव या रकान्यात मी काहीच लिहिलेले नाही, पण रकाना खोडलेलाही नाही. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांची पुस्तके कोणाच्या घरी निघाली की मी ती पाहायला जाते आणि जाताना त्या कान्याचा भिंगाखालचा फोटो बरोबर ठेवते.