बडग्या बांधताना: बांबू, खळ आणि टोमणा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात इतवारी-महाल भागातून मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईचा पुतळा, निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. त्यांच्यात फेरफार करायची कोणाची छाती नाही. बाया लेकरांना घेऊन येतात, पाया पडतात, नवस बोलतात. तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्याचं, म्हणजे पुरुषी पुतळ्याचं, तसं नाही. तो दरसाल नवा आणि त्याच दिवशी जाळायचा. त्याच्या अंगावर काय लिहायचं हे गल्लीतले पोट्टे ठरवतात. राजकारणावर भर रस्त्यात, पोलीस बंदोबस्तात, ढोल वाजवत टोमणा मारायची अशी सोय दुसऱ्या कुठल्या शहरात असेल तर सांगा.

पण अलीकडचे बरेच बडग्ये पाहून हसू येत नाही. बाहुलं झकास असतं, पाटी फसलेली असते. कधी पाटी झकास असते आणि मान शहीद चौकाच्या आधीच मोडलेली असते. दोन्ही दोष टाळता येतात.

आधी विषय. एका बडग्याला एकच तक्रार. महागाई, भ्रष्टाचार, बेरोजगारी, दहशतवाद आणि डेंग्यू एकाच पोटावर लिहिले की तो बडग्या न राहता जाहीरनामा होतो. बडग्याचा ठेला समोरून जातो तो पाच-सहा सेकंद. तेवढ्यात गर्दीतल्या माणसाला बाहुलं दिसलं पाहिजे, पाटी वाचता आली पाहिजे आणि दोन्हींचा संबंध कळला पाहिजे. म्हणून गंमत आधी शरीरात घाला, अक्षरांत नंतर. वीजबिलाचा बडग्या करायचा असेल तर तोंडातून सहा फुटांची कागदी जीभ काढा आणि जिभेवर बिलाच्या रकाने-रेघा ओढा. पाटी लावली नाही तरी चालतं. पेपरफुटीचा असेल तर पोटाला भलंमोठं भोक आणि त्यातून प्रश्नपत्रिका गळतायत. २०२२ च्या मार्चनंतर काही वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाकडे होता. तेव्हा शिव्या द्यायला माणूस सापडेना. अशा वेळी माणूस करूच नये, रिकामी खुर्ची करावी, तिला हार घालावा आणि खाली तक्रारपेटी टांगावी. पेटीला बूड ठेवू नका.

आता सिमेंट रस्त्यांचं घ्या. रस्ता उंच झाला, घराची जोती खाली गेली, पावसाचं पाणी उंबरा ओलांडून आत आलं, ही नागपुरातल्या कितीतरी वस्त्यांची रड आहे. पाटी सोपी आहे: ‘घरपोच पाणी योजना’. पण बाहुलं कोणाचं? पाण्यात बसलेला गरीब गृहस्थ दाखवला तर हसू त्याच्यावर होतं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, फाईल डोक्यावर धरून, बूट हातात घेऊन उभा असलेला साहेब दाखवा. तेच पाणी, तोच रस्ता, पण मार योग्य जागी बसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. ज्यांचं घर त्या पाण्यात होतं ती माणसंही मिरवणूक बघायला उभी असतात, हे बाहुलं बांधताना डोक्यात असू द्या.

सांगाडा. कण्याला वाळलेला, जाड, नऊ फुटांचा बांबू घ्या. त्यातला फूटभर ठेल्याच्या फळ्यांखाली उतरवून आसाला बांधायचा, म्हणजे वर आठ फूट उरतात. ठेल्याची उंची अडीच-तीन फूट धरली तर बडग्या जमिनीपासून अकरा फुटांच्या आत राहतो. यापेक्षा उंच करायची हौस असेल तर आदल्या आठवड्यात वाळका बांबू घेऊन सगळा मार्ग पायी फिरा आणि तारा कुठे किती लोंबतात ते पाहून घ्या. इतवारीच्या गल्ल्यांत विजेच्या, केबलच्या, इंटरनेटच्या तारांची जाळी आहे. ऐनवेळी ओल्या बांबूने वायर उचलून धरणारा एक पोट्टा प्रत्येक मंडळात असतो, त्याला आवरा.

खांद्यांसाठी साडेतीन फुटांचा आडवा बांबू. बरगड्यांना मात्र हिरव्या बांबूच्या कामट्या लागतात. वाळक्या कामट्या वाकवताना कडकन मोडतात. हिरवा बांबू मिळाला नाही तर त्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बांधणी सुतळीची, तारेची नको. बडग्या जळाल्यावर तारेचे तुकडे रस्त्यावर उरतात आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरची चाकं पंक्चर होतात. कंबरेखाली पोत्यात तणस ठासून भरा, वर हात हलका ठेवा. वजन वर गेलं की वळणावर ठेला डोलतो.

सगळ्यात जास्त मोडते ती मान. कारण साधं आहे: कणा खांद्यापाशी संपवतात आणि डोकं वर नुसतं खोचतात. सिमेंट रस्त्याच्या सांध्यावर ठेल्याला पहिला हिसका बसला की पुढारी मान खाली घालतात. (काही जण याला चमत्कार समजून टाळ्या वाजवतात.) कणा डोक्याच्या आतून टाळूपर्यंत न्या आणि दोन ठिकाणी बांधा, गळ्याशी एकदा, टाळूशी एकदा.

डोक्याला बुरडाकडची टोपली उपडी घालावी, त्यावर रद्दीचे चार-पाच थर द्यावे. खळ मैद्याची: एक किलोला पाच लिटर पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवून घ्या. उकळत्या पाण्यात कोरडा टाकलात तर गुठळ्या होतात आणि गालावर देवीचे व्रण उठतात. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण कामाला लहान पोरं असतील तर घालू नका. मोरचूद विषारी आहे. त्यापेक्षा रोज ताजी खळ शिजवा, आंबलेली फेकून द्या. श्रावणातल्या दमट हवेत एक थर वाळायला पुरता दिवस लागतो. म्हणजे पाच थर, मग रंग, मग पाटी: अमावास्येच्या दहा दिवस आधी डोक्याला हात घालावाच लागतो. तीन दिवस आधी जागे झालेल्यांचा बडग्या वरून सुकलेला आणि आतून ओला असतो. तो जळत नाही, नुसता धुमसतो आणि सगळ्यांच्या डोळ्यांत धूर जातो.

पाऊस येणारच असं धरून चला. पावडरीचे रंग डिंकात कालवले तरी सरीत ओघळतात, म्हणून ठेल्यावर घडी घातलेलं प्लास्टिक असू द्या आणि ते जाळायच्या आधी आठवणीने काढा. पाटी कोऱ्या कापडावर ऑइल पेंटने लिहा. फ्लेक्स स्वस्त पडतो, तासाभरात छापून मिळतो, हे खरं. पण तो पीव्हीसीचा असतो. पेटवला की त्यातून निघणारा धूर घसा जाळतो. थर्माकोलचं तेच. रोगराई घेऊन जा म्हणायचं आणि तिथेच नवी वाटायची, असा प्रकार होतो. अक्षराचा ठोकताळा: दर दहा फुटांना एक इंच उंची. गर्दी तीस फुटांवर असेल तर तीन इंचांच्या खाली अक्षर लिहू नका. यानंतर पाटीवर आपोआप सहा-सात शब्दच मावतात, आणि ते बरंच आहे.

आपल्यासारखी मंडळी नेमकी इथेच घसरतात. उदारमतवादी म्हणवणाऱ्यांना वाचन असतं, संदर्भ ठाऊक असतात, आणि ते सगळं पाटीवर यावं असा हट्ट असतो. राज्यघटनेचं कलम, आकडा आणि वर एक शाब्दिक कोटी. ती पाटी आपल्याच चार मित्रांना कळते आणि ते फोटो काढून आपल्याच चार मित्रांना पाठवतात. दुसरा रोग उपरोधाचा. ‘महागाई वाढवल्याबद्दल साहेबांचे हार्दिक आभार’ असं लिहून, हसरा चेहरा काढून ठेला पुढे नेलात तर निम्म्या लोकांना ते खरंच आभाराचं बॅनर वाटतं. त्यांचा दोष नाही. चौकाचौकांत वाढदिवसाची आणि अभिनंदनाची बॅनरं लागलेली आहेत, त्यातली बरीच तुमच्या विडंबनापेक्षा विनोदी आहेत. उपरोध वापरायचाच असेल तर बाहुल्याने पाटी खोडून काढली पाहिजे: पाटीवर आभार आणि साहेबांचा हात तुमच्या खिशात.

घोषणा तयार ठेवा, ऐनवेळी सुचत नाहीत. शेवट ठरलेला आहे, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि तो गर्दी म्हणते. पुढच्याने फक्त अर्धी ओळ टाकायची. खोकला-खरूज-रोगराई हे जुनं खातं चालू ठेवा, त्याने गळा तापतो आणि म्हाताऱ्या बायाही साथ देतात. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात नवं सोडा:

‘रस्ता झाला उंच, घरात आली विहीर,
विहिरीसकट ठेकेदार घेऊन जा गे मारबत!’

अर्धी ओळ एका दमात म्हणता आली पाहिजे. जोडाक्षरं कमी ठेवा. ‘अप्रत्यक्ष करप्रणाली’ ढोलावर बसत नाही, ‘जीएसटी’ बसतं. आणि डीजेच्या गाडीमागे लागू नका, मध्ये पन्नासेक फूट सोडा, नाहीतर तुमची घोषणा फक्त तुमच्या घशाला ऐकू येईल.

घोषणा घडवायचा हात बसवायचा असेल तर आदल्या दिवशी, पोळ्याला, एखाद्या गावच्या तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची टोमणेवजा गाणी, ऐकून या. नागपुरातून तासाभरावर अशी गावं आहेत. झडतीचा शेवटही ठरलेलाच. मधल्या दोन-चार ओळींत मात्र कापसाच्या भावापासून आमदाराच्या गाडीपर्यंत काहीही येतं. साचा असा धरा:

‘कापूस होता घरात, तवा भाव होता जमिनीत,
भाव गेला आभायात, तवा कापूस गेला जिनिंगीत.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’

यात कोणा मंत्र्याचं नाव नाही. हमीभावाचा आकडाही नाही. २०२५-२६ ला मध्यम धाग्याच्या कापसाचा तो ७७१० रुपये क्विंटल होता, पण तो ओळीत कोंबला असता तर यमक गेलं असतं आणि पुढच्या वर्षी झडती शिळी झाली असती. ज्याने कधी कापूस विकला आहे त्याला बाकी काही सांगावं लागत नाही.

आता कोणाला जाळायचं. काळी मारबत म्हणजे भोसल्यांची बाकाबाई, इंग्रजांना मिळालेली, असं नागपुरात सांगतात; पूतनेची कथाही सांगतात. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, तीत अप्पासाहेब भोसले हरले. संस्थान खालसा झालं १८५४ ला, डलहौसीच्या कारकिर्दीत. इतके पुरुष या कथेत असताना जळायला उरली ती बाई. परंपरा आहे, ती ज्यांची त्यांनी चालवावी. पण नवा बडग्या आपण करतो, त्याला ही सबब नाही. बाईचं चारित्र्य, कोणाची जात, बोली, रंग, अपंगत्व, पोटाचा घेर यावरचा विनोद पटकन हशा मिळवतो आणि विषय तिथेच सोडून देतो: वीजबिल राहिलं बाजूला, गर्दी पोटाला हसते. शेजारच्या वस्तीला डिवचणारा बडग्या तर करूच नका. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने माझ्याकडे येऊ नका.

गुन्ह्याचं निघालंच आहे तर एवढं माहीत असू द्या. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्हेतूने मत मांडलं तर त्यातून सूट आहे. म्हणून पाटीवर कृती लिहा, कमाई नको. ‘पुलाला तडा’ दिसतो, फोटो काढता येतो. ‘पुलाचे पैसे खाल्ले’ हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येऊ शकते. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याचं कलम २९९, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तेव्हा बाहुल्याच्या अंगावर कुठल्याच धर्माची खूण नको, विनोद म्हणूनही नको. तिरंगा तर मुळीच नको. पोलीस ठाण्याची परवानगी वेळेत काढा, आणि अर्जात विषय विचारला तर ‘सामाजिक समस्या’ एवढंच लिहा. खोटं नाही ते.

जाळताना आधी प्लास्टिक, मग कोणी भरलेच असतील तर फटाके काढा. उंच बडग्या उभा जाळू नका, आडवा करा. सुतळी जळाली की कणा कुठल्याही बाजूला पडतो. दोन बादल्या वाळू, दोन पाणी. ठेला भाड्याचा असतो, तो आधी मोकळा करून द्या.

कापडी पाटी मात्र जाळू नका. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की मोर्च्यांना तीच चालते. शेवटी मारबतीच्या जागी खात्याचं नाव लिहायचं. फक्त अक्षरं पुन्हा मोजून काढावी लागतील. बॅरिकेडपासून तीनशे फुटांवरच्या साहेबांना वाचता यावं असं वाटत असेल तर अक्षर अडीच फुटांचं लागतं.