'झुई' म्हणजे काय ते बाईंना कोणी सांगितलंच नव्हतं

माझा मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर सरकारी बालवाडीत जायला लागला आणि त्यानंतर जवळजवळ सहा आठवडे रोज त्याची ओली चड्डी पिशवीत बांधून घरी यायची. घरी तो कधीच चड्डीत करत नव्हता, त्यामुळे मी मनातल्या मनात बाईंवर चिडायचे, की एवढी मुलं आहेत, लक्षच देत नसणार, आणि तिकडे बाईंना वाटत होतं की आम्ही घरी काही सवयच लावली नाही, मूल तसंच पाठवून दिलंय. पण दोघींपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. दारात "बरंय ना सगळं?" "हो हो, बरंय" एवढंच बोलणं, पिशवी घ्यायची की निघायचं.

मग एक दिवस बाई घरी आल्या. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जायचं असा त्यांच्याकडे नियमच होता. खरं सांगते, मी घाबरलेच होते, आता तक्रार ऐकायला लागणार म्हणून. पण त्या आल्या आणि सरळ मुलाजवळ जमिनीवर बसल्या. दहाएक मिनिटं झाली असतील, तो गाड्या खेळता खेळता उभा राहिला आणि म्हणाला "झुई". मी उठले, त्याला बाथरूममध्ये नेऊन आणलं, बघते तर बाई माझ्याकडे बघतायत. "झुई म्हणजे शू?" मी म्हटलं हो, तो लहानपणापासून तसंच म्हणतो. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, अहो, वर्गात रोज म्हणतो हो तो हे, मला वाटायचं गाडीचा आवाज काढतोय, मी त्याच्या हातात गाडी द्यायचे.

सहा आठवडे माझं लेकरू बरोबर सांगत होतं आणि त्याच्या हातात गाडी मिळत होती. हे आठवलं की अजून पोटात तुटतं. दुसऱ्या दिवसापासून पिशवी यायची बंद झाली.

तेव्हापासून मी या विषयावर बरंच वाचलं, आणि मला एक गोष्ट अगदी पटलीय की पालक आणि बालवाडी यांचं नातं म्हणजे पालक सभा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना एवढंच नसावं. सूचना एकाच दिशेने येतात, सुट्टी कधी, फॉर्म कधी द्यायचा. पण घरात आपल्याला जे माहिती असतं, मूल कशाला घाबरतं, कुणाला बिलगतं, कुठला शब्द काय अर्थाने वापरतं, ते बाईंपर्यंत पोचणार कसं? ते विचारायला कोणीतरी यावं लागतं.

अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते १९६७ या काळात गरीब घरातल्या मुलांसाठी पेरी प्रीस्कूल म्हणून एक प्रयोग झाला. त्या मुलांच्या आयुष्याचा माग चाळिशीपर्यंत आणि त्यापुढेही काढला, म्हणून तो गाजला. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिक्षिका दर आठवड्याला साधारण दीड तास प्रत्येक मुलाच्या घरी जायच्या, आईबरोबर बसायच्या. दर आठवड्याला! नंतर १९६५ मध्ये तिथल्या सरकारने हेड स्टार्ट सुरू केलं, त्यात आज केंद्रात येणाऱ्या मुलाच्या घरी वर्षातून किमान दोनदा जायचं असतं, आणि कार्यक्रमाचे निर्णय घेणाऱ्या कौन्सिलमध्ये बहुमत पालकांचं लागतं. म्हणजे नुसती हजेरी लावायला बोलवायचं नाही, मत द्यायला बोलवायचं. हे मला फार मोठं वाटतं.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळ तर १९४५ मध्ये युद्ध संपल्या संपल्या पालकांनी स्वतःच बालशाळा बांधायला घेतली, जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक, घोडे विकून पैसे उभे केले. लोरिस मालागुझ्झी नावाचे एक तरुण शिक्षक हे ऐकून सायकलवर तिथे बघायला गेले आणि पुढे आयुष्यभर तेच काम करत राहिले. १९६३ मध्ये नगरपालिकेने पहिली बालशाळा काढली तेव्हा पालक आतच होते, त्यांना नंतर आत घ्यायची वेळच आली नाही. आणि आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ, मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो पण त्यात अंगण का आहे याचा विचार मीसुद्धा कधी केला नव्हता.

आता पालकांच्या बाजूनेही बोलायला हवं. इंग्लंडमध्ये १९९७ पासून सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास झाला, त्यात दिसलं की आईवडील किती शिकलेत, किती कमावतात यापेक्षा ते घरी मुलाबरोबर काय करतात, गाणी म्हणतात का, गोष्टी वाचतात का, याने जास्त फरक पडतो. हे वाचून मला धीर आला, कारण खूप आयांना वाटतं की आम्हाला काय कळतंय, बाईच सांगतील ते खरं. असं वाटणारी आई मग गप्प बसते, आणि बाईंना वाटतं हिला इंटरेस्टच नाही. शिवाय सभा भर कामाच्या वेळेला ठेवली तर रोजंदारीवरचा बाप येणार कसा, तो आला नाही म्हणून त्याला काळजी नाही असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अशा बापाशी सोडायला आल्यावर दारातली दोन मिनिटं रोज नीट बोललं, तरी ते वर्षातल्या एका सभेपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. आणि पहिला फोन तक्रारीसाठी जाऊ नये, एवढी माझी सगळ्या बाईंना हात जोडून विनंती आहे. "आज त्याने पहिल्यांदा दुसऱ्याला झोका दिला" असं एकदा कळवलं ना, की पुढे तक्रारीचा फोन आला तरी पालक ऐकून घेतात.

या वर्षी आमच्या बाईंनी प्रवेशाच्या फॉर्मला एक पान स्वतःहून जोडलंय. घरी मूल कोणते शब्द त्याच्या पद्धतीने म्हणतं, ते लिहा. मी धाकटीसाठी पान भरून दिलं. माझ्या आधी एका बापाने दिलेलं पान वरच होतं, बाईंनी त्याला विचारून मला दाखवलं, अक्षर वेडंवाकडं, एकच ओळ. शब्द काही नाही, बोलत नाही अजून, पण कानाची पाळी धरून ठेवली की रडायचा थांबतो.