दालचिनीच्या पानाचे तेल: आधी बुडते, मग फसवते

पातोळ्या वाफवताना घरभर सुटणारा वास म्हणजे हळदीच्या पानातून वाफेबरोबर निघून चाललेले तेल. क्लेव्हेंजर उपकरण तीच वाफ थंड करून तेल पकडते, एवढेच. गोव्यातल्या फोंड्याकडच्या कुळागरातली (सुपारीच्या बागेतली) पाने आणून जंतूंवर चाचणी करणाऱ्यांना हळदीचे पान सोपे जाते, दालचिनीचे छळते.

दोन लिटरच्या चंबूत 200 ग्रॅम चिरलेली ताजी पाने आणि 1 लिटर पाणी घालून उकळी आल्यापासून तीन तास ठेवा. चंबू जास्त भरला की फेस वर चढतो. श्रावणात पाने सावलीत वाळवायच्या भानगडीत पडू नका. इथल्या दमट हवेत ती आधी बुरसतात.

हळदीच्या पानाचे तेल पाण्यावर तरंगते. दालचिनीच्या पानाच्या तेलात मुख्य घटक युजेनॉल (सिनॅमाल्डिहाइड हा घटक सालीतला, ही गल्लत नेहमीची), आणि ते तेल पाण्यापेक्षा जड. साध्या क्लेव्हेंजरमध्ये ते तळाशी जाऊन परतीच्या नळीतून पुन्हा चंबूत जाते. तीन तासांनी हाती काही लागत नाही आणि दोष पानांना! जड तेलाचे वेगळे उपकरण घ्या. झायलीन हे हलके द्रावक घालून तेल तरंगवण्याची युक्ती मोजमापापुरती ठीक. चाचणीत मग जंतू कशाने मेले ते कळत नाही.

निर्जल सोडियम सल्फेटने पाणी काढून तेल तपकिरी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, 4 अंशांवर ठेवा. रबरी बूच नको, तेल ते खाते.

जंतू पसरलेल्या अगारवर (जेलीसारख्या थरावर) तेलात भिजवलेली कागदी चकती, म्हणजे डिस्क, ठेवून तिच्याभोवतीचे जंतू न वाढलेले वर्तुळ मोजून तेलांची क्रमवारी लावणे मला पटत नाही. तेल पाण्यात विरघळत नाही म्हणून अगारमध्ये नीट पसरत नाही. उलट वाफ होऊन झाकणाखाली फिरते आणि शेजारच्या डिस्कच्या वर्तुळात लुडबुड करते. अगार 4 मिलिमीटरपेक्षा पातळ ओतला तर वर्तुळ फुकटात मोठे दिसते.

आकडा हवा तर एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारे तेलाचे सर्वांत कमी प्रमाण, काढा: 96 खळग्यांची प्लेट, मिलिलिटरमागे 5 लाख जंतू, तेल डीएमएसओ या द्रावकात विरघळवून. डीएमएसओ शेवटी 1 टक्क्याच्या आत ठेवा आणि जंतू आणि नुसता डीएमएसओ, तेल नाही, असा एक खळगा ठेवाच. प्लेट चिकट फिल्मने बंद केली नाही तर 37 अंशांवर रात्रभरात तेल उडून जाते. निव्वळ तेल खळग्यात टाकले तर प्लेटचे प्लास्टिक (पॉलिस्टायरीन) धुरकट होते आणि तीच जंतूंची वाढ वाटते. म्हणून रेझाझुरिन हा रंग वापरा. निळ्याचे गुलाबी झाले तर जंतू जिवंत.

स्यूडोमोनास हा जंतू तेलाला बहुधा दाद देत नाही. त्याचे बाहेरचे आवरण तेल अडवते, आत गेलेले पंप बाहेर फेकतात. तो स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जंतूइतक्या सहज मेला तर आधी डीएमएसओचा खळगा बघा, मारणारे तेल नसून डीएमएसओ असेल.