फ्रान्झिस्काला आवाज देणारी ट्रान्सलेटर

एस अटर्नी ही कोर्टातल्या खटल्यांवरची जपानी व्हिडिओ गेम सिरीज खेळलेल्या कुणालाही फ्रान्झिस्का फॉन कार्मा विसरता येणार नाही. अठरा वर्षांची सरकारी वकील, हातात चाबूक, आणि जज असो की साक्षीदार, समोर येईल त्याला मूर्ख म्हणणारी. इंग्लिश गेममध्ये कोर्टात तिचा जो आवाज घुमतो ना तो जॅनेट शूचा आहे, आणि ही बाई मुळात ट्रान्सलेटर! हे गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीत याच सिरीजचं इंग्लिश लोकलायझेशन (म्हणजे जपानी गेमचं इंग्लिश खेळणाऱ्यांना रुचेल असं भाषांतर) तिने कित्येक वर्षं सांभाळलंय.

हे असं कसं झालं तर पहिला गेम २००१ ला जपानमध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवर आला, त्या कार्ट्रिजमध्ये जागा ती केवढी, त्यामुळे सगळी केस, सगळी उलटतपासणी आपण वाचायची आणि आवाज फक्त ऑब्जेक्शन, होल्ड इट अशा दोनतीन आरोळ्यांना. मग त्या ऑफिसातल्याच लोकांनी दिल्या. जपानीत फीनिक्सचा, म्हणजे आपण खेळतो त्या बचाव वकिलाचा, आवाज खुद्द लेखक-दिग्दर्शक शू ताकुमीचा, त्याचा प्रतिस्पर्धी सरकारी वकील एजवर्थचा आवाज कॅरेक्टर्स काढणाऱ्या तात्सुरो इवामोतोचा. इंग्लिशमधला फीनिक्स म्हणजे बेन जड, तोही कॅपकॉमच्या लोकलायझेशनमधलाच, पुढे बायोनिक कमांडो गेमचा प्रोड्यूसर झाला.

मला वाटतं ही फक्त काटकसर नव्हती, त्यातून खरंच चांगलं काही निघालं. विचार करा, पानंच्या पानं डायलॉग वाचत आपण पुरावा शोधतोय, सगळं शांत, आणि अचानक एक आरोळी. त्या एका सेकंदात अख्खं कॅरेक्टर आलं पाहिजे. फ्रान्झिस्का नुसती उर्मट नाहीये हो, तेराव्या वर्षी वकील झालेली, कधी हरायचंच नाही या बापाच्या हट्टाखाली वाढलेली पोर आहे ती, आणि तिच्या ओरडण्यात तो ताठा आणि त्याच्या खालची धडपड दोन्ही मला ऐकू येतात. स्क्रिप्टशी रोज झटणाऱ्या माणसाला हे आतून माहीत असतं. बाहेरून आलेल्या कलाकाराला ते कुणीतरी समजावून सांगावं लागतं.

२०१३ च्या ड्युअल डेस्टिनीज या गेमपासून इंग्लिशमध्ये फीनिक्सला सॅम रीगेलचा आवाज आहे, कसलेला व्हॉइस ॲक्टर आहे, काम मस्तच करतो, पण मला अजून तो जुना आवाजच जवळचा वाटतो. जॅनेट शूचं मोठं काम बघायचं तर २०२१ चा द ग्रेट एस अटर्नी क्रॉनिकल्स घ्या, मेजी काळातला जपान आणि व्हिक्टोरियन लंडन, दोन अख्खे गेम, आणि लोकलायझेशन डायरेक्टर तीच. इतकं मजकुराचं डोंगराएवढं काम करणाऱ्यांची नावं आपण वाचतसुद्धा नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पहिल्या तीन गेम्सची ट्रिलॉजी आता पीसी, स्विच सगळीकडे मिळते. फ्रान्झिस्का दुसऱ्या गेमच्या दुसऱ्या केसमध्ये येते, तिथे हेडफोन लावाच.