अकरा दिवस उशिरा आलेला प्रकाश

उन्हाळ्याच्या सुटीत नागपुरातल्या धरमपेठेतल्या आमच्या गच्चीवर मी मुलांना तारे दाखवतो. सप्तर्षींपाशी आलो की सोबत आलेल्या पालकांपैकी कोणीतरी हमखास विचारते, "सर, लांबच्या दीर्घिकांमधून प्रचंड ऊर्जेचे गॅमा किरण येतात म्हणे. तुमच्या दुर्बिणीतून तर काही दिसत नाही, मग शोधणाऱ्यांना त्या सापडतात कशा?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण गच्चीवर डास चावत असताना हे नीट सांगून होत नाही.

मुळात हे किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. असा एक किरण वातावरणाच्या वरच्या थरांत आदळला की त्याच्यापासून कणांची एक सर निर्माण होते, आणि हवेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त वेगाने धावणारे हे कण निळसर उजेड सोडतात, जो जमिनीवर सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात जेमतेम काही अब्जांश सेकंद पडतो. या उजेडाला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात, आणि तो टिपण्यासाठी अवाढव्य आरसे लागतात. आपल्याकडे लडाखमधील हानले येथे, ४२७० मीटर उंचीवर, २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीण आहे. तिचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. खरी डोकेदुखी वेगळीच आहे: विश्वकिरणांमुळेही, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान विद्युतभारित कणांमुळेही, अशाच सरी पडतात आणि त्यांची संख्या कितीतरी पट जास्त असते. गॅमा किरणाच्या सरीची प्रतिमा सडपातळ, लंबगोल असते, तर विश्वकिरणाची पसरट आणि विस्कळीत. या आकारावरून निवड करणे, म्हणजे पोतेभर गव्हातून दोन-चार खडे वेचणे नव्हे, तर पोतेभर खड्यांतून दोन-चार गहू वेचणे.

सप्तर्षींतल्या क्रतू आणि पुलह या ताऱ्यांना जोडणारी रेषा वाढवून ध्रुवतारा शोधायला आपण सगळेच शिकलो. तीच रेषा उलट दिशेला, पुलहाच्या पुढे, त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण साडेतीन पट न्या. तिथे मार्केरियन ४२१ आहे. आपल्या आकाशगंगेबाहेरची, अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण सोडणारी म्हणून ओळखली गेलेली ही पहिली दीर्घिका. १९९२ मध्ये ॲरिझोनातल्या व्हिपल दुर्बिणीने ती हेरली. मी बोट दाखवतो ती जागा मात्र नागपूरच्या दिव्यांत रिकामीच दिसते.

ही दीर्घिका सुमारे चाळीस कोटी प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे या हिशेबात शेजारीणच. अंतर वाढत गेले की एक नवी अडचण उभी राहते. आजवरच्या सर्व ताऱ्यांनी अवकाशात सांडलेला प्रकाश वाटेत पसरलेला असतो, त्याच्याशी गॅमा किरणाची टक्कर होते आणि दोघेही नाहीसे होऊन इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन हे कण उरतात. त्यामुळे लांबची दीर्घिका सापडते ती बहुधा एकाच वेळी, तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून आपल्या दिशेने येणारा झोत अचानक भडकतो तेव्हा. अवकाशातून गॅमा किरण टिपणारा फर्मी उपग्रह दर तीन तासांनी संपूर्ण आकाश पाहतो आणि भडका दिसला की खबर देतो. मग जमिनीवरच्या दुर्बिणी तिकडे वळतात, अर्थात आकाशात चंद्र नसेल तर.

जुलै २०१४ मध्ये नेमका चंद्र आडवा आला. फर्मीला बी०२१८+३५७ ही दीर्घिका भडकलेली दिसली, तिचा प्रकाश सात अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला होता, आणि ला पाल्मा बेटावरच्या मॅजिक दुर्बिणींना पौर्णिमेच्या उजेडात निरीक्षण करता आले नाही. पण या दीर्घिकेच्या आणि आपल्या मध्ये दुसरी एक दीर्घिका आहे. तिच्या गुरुत्वाकर्षणाने प्रकाशाची वाट दुभंगते, आणि दुसऱ्या वाटेने येणारा प्रकाश सुमारे अकरा दिवस उशिरा पोहोचतो. हे आधीच्या एका भडक्यावरून ठाऊक होते. संशोधकांनी दिवस मोजले, चंद्र क्षीण होऊ दिला आणि महिनाअखेरीस दुर्बिणी पुन्हा त्याच जागी रोखल्या. हुकलेला तोच भडका दुसऱ्या वाटेने आला आणि सापडला.

आमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाची तारीख मीही पंचांग पाहूनच ठरवतो. "पौर्णिमेला का ठेवत नाही, छान उजेड असतो," असे सुचवणारे पालक दरवर्षी भेटतातच.